शेळ्यांनी सोडलेला पाला

सायराला दुबईला येऊन तीन महिने झाले होते आणि तिचं बोलणं रोज थोडं थोडं कमी होत चाललं होतं.

म्हसळ्याजवळच्या खेड्यात तिच्या पाच शेळ्या होत्या, परसात दुधीचा मांडव होता, आणि दिवसभर कुणाशी ना कुणाशी तोंड चालू असायचं. इथे दुबईच्या देरा वस्तीत, खाडीपासून दोन गल्ल्या आत, एक खोली, झावळ्यांचं कुंपण आणि गाढवाच्या पाठीवरून येणारं पाणी. नवरा बदरुद्दीन गोऱ्या साहेबांच्या मेसमध्ये खानसामा. संध्याकाळी घरी आला की तो साहेबांच्या नकला करून दाखवायचा. ती ‘हो’ म्हणायची, किंवा ‘नाय’. डिसेंबरात एकदा तिने पदराशी चाळा करत सांगितलं, की इथे हिरवं पान दिसत नाही, माझा जीव रमत नाही, मी परत जाते. तो भांडला नाही. एवढी थंडी काढ, म्हणाला, नाहीच करमलं तर मार्चच्या बोटीने मी स्वतः तुला मुंबईला पोचवतो. शब्द दिला आणि मग कितीतरी दिवस मेसच्या सूपमध्ये मीठ जास्त पडत राहिलं.

अडुसष्ट सालच्या जानेवारीत दोन दिवस पाऊस पडला. त्याच आठवड्यात गावचा याकूब, जो बोटीवर खलाशी होता, त्याने मुंबईहून वालाच्या शेंगांची टोपली आणून दिली. बदरुद्दीनने टोपलीवरचं फडकं उचललं, वास घेतला आणि ठरवून टाकलं. शुक्रवारी रानात जायचं. पोपटी लावायची.

आपल्याकडे थंडी पडली की शेताच्या कडेला पोपटी लागते. मडक्यात शेंगा, अंडी, बटाटे, ओवा नि जाडं मीठ भरायचं, वर-खाली भांबुर्ड्याचा पाला दाबायचा, मडकं जमिनीवर उपडं घालून भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही. शेंगा त्या पाल्याच्या वासातच शिजतात. सायराच्या माहेरी तर पोपटीवाचून हिवाळा गेलेला तिने पाहिला नव्हता.

मेसचा ड्रायव्हर अन्वर, रत्नागिरीचा, पिकअप घेऊन पहाटेच हजर झाला. हॉर्न वाजवून म्हणाला, “यल्ला, चला भाभी, तुमचे मिस्टर आज पुडिंग सोडून खरं जेवण करणार आहेत.” सायरा नवऱ्याचा कोट अंगात घालून मागे बसली. मांडीवर मडकं, पायाशी टोपली.

वाळू ओली होती म्हणून गाडी कुठे रुतली नाही. धैद गावाच्या वाटेवर पुढे डोंगर दिसायला लागले तिथे अन्वरने गाडी एका गाफच्या झाडाखाली उभी केली. सायरा उतरली आणि चपला हातात घेऊन उभी राहिली. जमीन गार होती. तोंडातून वाफ निघत होती. आणि दगडगोट्यांच्या मधून, जिकडे पाहावं तिकडे, बोटभर उंचीचं कोवळं गवत वर आलं होतं. ती वाकली. गवताचं एक पातं तोडून तिने दाताखाली धरलं. मग काही न सांगता चालायला लागली, उंचवट्यावर, पलीकडे, पुन्हा वर. कोटाच्या बाह्या तिच्या हातांच्या पुढे लोंबत होत्या.

“कुठे चालली ती?” अन्वरने विचारलं.

“चालू दे,” बदरुद्दीन म्हणाला. “तीन महिन्यांत पहिल्यांदा चालतेय.”

अडचण फक्त एकच होती. भांबुर्डा. तो इथे कुठून मिळणार? अन्वरचं मत पडलं की पाला म्हणजे पाला, हिरवा असला म्हणजे झालं. सगळ्या माळावर एकाच जातीची झुडपं गच्च हिरवी दिसत होती, कमरेएवढी, भरगच्च पानांची. बदरुद्दीनने ओंजळी भरभरून त्यांचा पाला तोडला, मडक्यात शेंगांच्या वर-खाली दाबून बसवला, मडकं उपडं घातलं आणि काटक्या पेटवल्या.

सायरा परत आली तेव्हा तिचे गाल थंडीने लाल झाले होते. ती जाळाशी बसली. तिने हात शेकले. नवऱ्याने मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडले. ते अजून हळूहळू सुकत होते. “अजून वेळ हाय,” ती म्हणाली. त्याने अन्वरकडे विजयी मुद्रेने पाहिलं, कारण हे तिने न विचारता सांगितलं होतं.

तेवढ्यात उंचवट्यावरून वाळवंटात फिरणाऱ्या बदू टोळीतली एक बाई शेळ्या घेऊन उतरली. तोंडावर काळा बुरखा, हातात काठी. शेळ्या दिसल्या आणि सायरा उठून उभीच राहिली. एका काळ्या शेळीने येऊन तिच्या कोटाचं बटण चाटलं. दुसरीने बटाट्याची सालं खाल्ली. तिसरीने अन्वरचं सिगारेटचं पाकीट पळवलं आणि तो तिच्यामागे धावला. त्या बाईला आणि सायराला एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण काळीच्या पोटावर हात ठेवून दोघींनी ती कधी विणार यावर बराच वेळ चर्चा केली.

पुन्हा शिंपडलेले थेंब या वेळी चर्रकन उडाले. बदरुद्दीनने जाळ बाजूला सारला, मडकं काठीने आडवं पाडलं, पाला ओढून काढला. वाफ निघाली. त्याने पहिली शेंग उचलली, फुंकर घातली, सोलली आणि हात तिच्याकडे नेला.

सायराने त्याचं मनगट धरलं.

“पाला कुठला घातलाव?”

त्याने बोट दाखवलं. ती झुडपांकडे बघत राहिली. शेळ्यांनी माळ निम्मा साफ केला होता, काटेसुद्धा सोडले नव्हते. त्या झुडपांना मात्र वळसा घालून त्या पुढे जात होत्या.

“टाका ती शेंग. शेळी पाकीट खाते, पण ह्याला तोंड लावत नाय.”

बदू बाईने वाकून मडक्यात पाहिलं आणि कपाळाला हात लावला. “हरमल,” ती म्हणाली. मग पोट दाबून, मान टाकून, डोळे मिटून दाखवलं. अन्वरला जेवढं अरबी येत होतं तेवढ्याची गरजच पडली नाही. त्यानेच खड्डा केला आणि सगळं मडकं त्यात रिकामं केलं. शेंगा, अंडी, बटाटे. खलास.

बदरुद्दीन दूर उंचवट्यावर जाऊन दगडावर बसला. बाईने शेळीचं दूध काढून वाटीत दिलं. सायराने घरून आणलेल्या तांदळाच्या भाकऱ्या सोडल्या, निम्म्या तिला दिल्या, आणि वाटी घेऊन नवऱ्याशेजारी जाऊन बसली.

तो म्हणाला, “आज तुला मारलं असतं मी.” आणि थोड्या वेळाने, “मार्चच्या बोटीचं उद्याच विचारून येतो. शब्द दिलाय तुला.”

तिने भाकरी दुधात बुडवून त्याच्या हातात दिली.

“सगळ्या शेंगा खड्ड्यात नाय गेल्या,” ती म्हणाली. “टोपली आली त्याच दिवशी मी जून-निबर बघून मूठभर काढून ठेवल्यात. पत्र्याच्या डब्यात. बियाण्याला.”

“बियाणं? पेरणार कुठे?”

“मोरीचं पाणी जातं तिथे, कुंपणाला. आता नाय. दिवाळी सरली की.”

बदरुद्दीनने घास तोंडापाशी आणून तसाच ठेवला. दिवाळी म्हणजे अजून नऊ-दहा महिने. तो बोटांवर महिने मोजायला लागला, तशी तिने त्याची बोटं मिटवून टाकली.

“आणि याकूबभाईंना सांगा, पुढल्या फेरीत भांबुर्ड्याचं बी आणायला. पाल्याच्या बाबतीत तुमचा भरवसा नाय.”

खाली अन्वर पुन्हा त्या तिसऱ्या शेळीशी पाकिटासाठी झोंबत होता. सायराने कोटाच्या लांब बाहीने तोंड झाकून घेतलं, पण तिचं हसणं त्या मोकळ्या माळावर पार बदू बाईपर्यंत ऐकू गेलं.