हायड्रेंजियाच्या काड्या

जेवणं आटोपून माणिक गोळे व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत टेकते, तेव्हा तिला झोपायचं नसतंच. चार वाजता माळीकाम करणारा बाबू ढेबे यायचा आहे, समोरची कुंडी रिकामी करायला. कुंडीत हायड्रेंजियाच्या सात-आठ काड्या उभ्या आहेत. उदी रंगाच्या, पानाचा मागमूस नाही. माघ संपत आला तरी पाचगणीची थंडी हटलेली नाही, पण दुपारचं ऊन मात्र तिरपं होत होत थेट कुंडीवर येऊन बसतं. कालच तिनं बाबूला निरोप दिला होता. "मेलंय रे ते. उपटून टाक, आणि कुंडी हवी तर घेऊन जा."

झाड तिचं नाही. ते तिच्या नणंदेचं, कालिंदीचं.

कालिंदी गोळे इथल्याच एका निवासी शाळेत चित्रकला शिकवायची. लग्न तिनं केलं नाही. तिच्या धाकट्या भावाची बायको म्हणून माणिक या घरात आली आणि बावीस वर्षांपूर्वी तो भाऊ गेल्यावर घरात या दोघीच उरल्या. दोघींचं जमायचं, आणि बिनसायचंही. बिनसलं की अबोला. पण अबोल्यातही घर चालवावं लागतंच, म्हणून मग दोघी हायड्रेंजियाशी बोलायच्या. "सांग गं तिला, चहा निवतोय." "सांग त्यांना, मला नकोय." झाड बिचारं दोघींचं ऐकून घ्यायचं, आणि संध्याकाळपर्यंत कुणाला तरी हसू फुटायचंच.

गेल्याच्या गेल्या वर्षी मार्गशीर्षात महिला मंडळाची बैठक गोळ्यांच्या घरी ठरली. माणिकनं व्हरांडा धुऊन काढला. कुंडीतल्या काड्या वाळक्या, बोडक्या दिसत होत्या, त्या तिनं कात्रीनं पार काठापर्यंत छाटून टाकल्या. कालिंदी वाईहून परतली, तिनं कुंडी पाहिली. "येत्या उन्हाळ्याची सगळी फुलं कापलीस तू," एवढंच म्हणाली. त्यानंतर नऊ दिवस ती माणिकशी एक शब्द बोलली नाही. कुंडीत काडीच उरली नव्हती, त्यामुळे निरोप सांगायलाही कुणी नव्हतं. दहाव्या दिवशी सकाळी माणिक चहा घेऊन खोलीत गेली तेव्हा कालिंदी झोपेतच गेलेली होती.

पुढच्या उन्हाळ्यात झाडावर एकही फूल आलं नाही. माणिकनं काय करायचं बाकी ठेवलं होतं? कुंडी ओढत ओढत उन्हात आणली. सकाळ-संध्याकाळ पाणी. कुणी सांगितलं म्हणून मूठ-मूठ युरिया. पानं ताटाएवढी झाली, फूल नाही. मग थंडी आली आणि पानंही गेली. आता दिवसाकाठी दूधवाल्याशी दोन शब्द होतात, बाकी रेडिओच बोलतो. कपबशी एकच विसळायची असते.

शेजारच्या कुकरची शिट्टी लांब जाते. आणखी लांब. माणिकची मान एका बाजूला कलते.

"सांग गं तिला, कात्री खाली ठेव म्हणावं."

कालिंदी कुंडीपाशी उकिडवी बसली आहे. पाठमोरी. राखाडी स्वेटर, त्याचं कोपरावरचं ठिगळ माणिकनंच लावलेलं. तिला आश्चर्य वाटत नाही, नुसती धाकधूक होते. आपण आधी बोलायचं की नाही? ती नेहमीसारखी झाडाकडे बघते.

"सांग त्यांना, माझ्या हातात कात्री नाहीये."

पण ती असते. माणिक वाकून ती फरशीवर ठेवते, आणि फरशी ओली, थंड लागते. तो वाईच्या घाटाचा पायरीदगड आहे. कृष्णेचं पाणी बोटभर खाली हलतंय. व्हरांडा आता पुढे पुढे लांबत गेलाय आणि दोन्ही बाजूंना लोखंडी खाटा लागल्या आहेत, शाळेतल्या मुलींच्या असतात तशा. प्रत्येक खाटेवर एक कुंडी निजली आहे. काठापर्यंत घोंगडी ओढलेली, वर फक्त काड्या.

कालिंदी खाटांमधून चालते आहे. कुठे घोंगडी नीट कर, कुठे थोपट.

"झोपलीत," ती हळू आवाजात म्हणते. "मेलेली नाहीत. सांग तिला."

"सांग त्यांना, मला कसं कळणार? बोडक्या काड्या सगळ्या सारख्याच दिसतात."

कालिंदी थांबते, वळते. तिचा चेहरा माणिकला दिसतो आणि नाहीही, काचेवर वाफ धरावी तसा. ती माणिकचं बोट धरते आणि एका काडीच्या शेंड्यावर ठेवते.

"बघ. बारीक, टोकदार लागलं तर ते पान. असं गुबगुबीत लागलं तर फूल. ही कळी गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस धरलेली आहे. थंडीभर ती या काडीतच राहते. काडी कापलीस की कळी गेली."

"मग कापायचं कधी?"

"फुलं होऊन गेली की लगेच. श्रावण उलटायच्या आत. त्यानंतर हात लावायचा नाही, कितीही वाळकी दिसली तरी. आणि युरिया कशाला ओतलास गं एवढा? पानं माजली नुसती. शेणखत घालायचं थोडं, आणि माती ओलसर राहील इतकंच पाणी."

माणिक ऐकता ऐकता दचकते. कुंडीकडे न बघता, सरळ तिच्याकडे बघून बोलणं चाललंय.

"वन्सं, तुम्ही माझ्याशी बोलताय."

"मग? इथं दुसरं कोण आहे?"

"नऊ दिवस नाही बोललात."

कालिंदी एका खाटेच्या कडेला बसते. खाट कुरकुरते. खाली पाण्याचा आवाज येतोय.

"राग तिसऱ्याच दिवशी गेला होता," ती म्हणते. "पुढे नुसता हट्ट. मला वाटायचं, तू आधी बोलशील."

"मला वाटायचं, तुम्ही."

"आणि मला वाटायचं, वेळ आहे."

माणिकला सांगायचं असतं की त्या दहाव्या दिवशीच्या चहात तिनं आलं घातलं होतं, कालिंदीला आवडतं तसं, ठेचून. की आज आपणच बोलायचं असं ठरवून ती खोलीत शिरली होती. ती तोंड उघडते आणि शब्दांऐवजी कुकरची शिट्टी ऐकू येते. पण कालिंदी मान हलवते. समजल्यासारखी.

"आल्याचा वास आला होता मला," ती म्हणते.

माणिकचे डोळे भरून येतात. खाटा विरळ होत जातात. घाटाच्या वरच्या अंगाला एसटी उभी आहे, दार उघडं, आत कुणी नाही. कालिंदी तिकडे एकदा बघते आणि स्वेटरच्या बाह्या वर सारते.

"चल. आधी ही कुंडी हलवू. ही पश्चिमेची जागा म्हणजे भट्टी आहे. त्याला सकाळचं कोवळं ऊन हवं, दुपारी सावली. पूर्वेच्या पायरीवर ने."

"ओढून जागची सरकते, पण पायरीवर चढवायची म्हणजे... माझ्यानं एकटीनं होत नाही."

"म्हणून तर आले. धर तिकडून."

दोघी वाकतात. काठ धरतात. कुंडी उचलली जाते तसा काठ तळव्यांत रुततो. खांद्यांपर्यंत ओढ बसते. दोघी आडव्या पावलांनी निघतात, घाटाच्या पायऱ्या, मग खाटांमधली वाट, मग स्वयंपाकघराचा उंबरा, मग पुन्हा पायऱ्या. मधे उभ्या काड्या, त्यांच्यापलीकडे राखाडी स्वेटर. कालिंदी धापा टाकत मध्येच हसते. तेच जुनं, नाकातलं हसणं.

"वन्सं, सोडू नका हं."

"नाही सोडत. तू बघून पाय टाक."

पण वजन थोडं थोडं करत माणिककडे येतंय. काड्यांच्या पलीकडे स्वेटर फिकट होत चाललाय. माणिक आणखी घट्ट धरते. आणखी. आता सगळी कुंडी तिच्याच हातांवर आहे, आणि तरी ती पडत नाही.

फाटकाची कडी वाजते.

"काकू, झोपलाय व्हय?"

माणिक डोळे उघडते. पायरीखाली बाबू ढेबे उभा आहे, खांद्यावर कुदळ, हातात रिकामं पोतं. ऊन कुंडीवर आहे. कुंडी जिथे होती तिथेच आहे. शेजारच्या, कालिंदीच्या खुर्चीवर कुणी नाही. बाबू विचारतो, "उपटू का मग?"

"थांब."

ती उठते. गुडघे धरलेले असतात. कुंडीपाशी जाऊन ती एका काडीच्या शेंड्यावर बोट ठेवते. मग दुसरीच्या. बारीक. बारीक. तिसऱ्या काडीवर बोट थबकतं.

बाबू वाकून बघतो. "अगं बाबौ, फुगलीय की ही. जित्तं हाय झाड, काकू."

"उपटायचं नाही," माणिक म्हणते. "कुंडी उचलायची आहे. तिकडे, पूर्वेच्या पायरीवर. मी धरते एका बाजूनं."

"तुम्ही कशाला? जड हाय लई."

"माहीत आहे मला, किती जड आहे ते."

बाबू कुदळ भिंतीला टेकवतो, पोतं बाजूला टाकतो आणि काठाला हात घालायला वाकतो. माणिक समोरून दोन्ही हात पुढे करते. बाबूची नजर तिच्या हातांवर जाते आणि तो तसाच वाकलेला थांबतो. दोन्ही तळव्यांवर आडवा, बाकदार, लालभडक वळ उठला आहे, आणि वळाच्या खोबणीत कुंडीच्या मातीची तांबूस भुकटी.

"हाताला काय झालं वो, काकू?"

माणिक तळवे उलटे करून बघते, मग पुन्हा सुलटे.

"कुंडीचा काठ रुतला," ती म्हणते.

"अवो, पर आजून उचलली कुठं आपण?"