सोजीचे तांदूळ

चिखलीत जयमालाची गिरणी कोणालाही विचारा, कोणीही दाखवेल. गिरणीवाली कशी आहे असं विचारलंत, तर मात्र उत्तर जरा जपून मिळेल. बाई कामाला चोख, पण तोंडाची तिखट. बाजरीवर लगेच गहू घालायचे नाहीत, ओलं धान्य घ्यायचं नाही, आणि "जरा आमचं आधी टाका" म्हणणाऱ्याचं सगळ्यांत शेवटी टाकायचं, हे तिचे नियम. शेतं गेल्यावर सासऱ्यांनी, म्हणजे सोपानरावांनी, घराच्या तळमजल्यावर गिरणी घातली. नवरा रोहिदास टेम्पो घेऊन चाकणच्या कंपन्यांची भाडी मारतो, त्यामुळे पट्टा चढवण्यापासून दगडाला टाकी लावून घेण्यापर्यंत सगळं जयमालाच्याच गळ्यात.

गिरणी म्हटली की उंदीर आले, आणि उंदीर आले म्हणून सोजी आली. रव्याच्या रंगाची मांजर, म्हणून सोजी. दिवसा रिकाम्या पोत्यांच्या थप्पीवर, रात्री सासूबाईंच्या गोधड्यांच्या चवडीवर, अशी तिची निजण्याची व्यवस्था होती. जयमाला माणसांशी कामापुरतं बोले आणि उरलेलं सगळं सोजीशी.

उन्हाळ्याच्या तोंडाला त्या पोत्यांवर रोज चार-दोन तांदूळ दिसू लागले. आता गिरणीत तांदूळ दिसला म्हणून कोण दचकतं? कुणाच्या डब्यातून सांडले असतील, असं म्हणत जयमाला ते झाडून टाकी. दुसऱ्या एखाद्या घरात मांजराखाली रोज तांदूळ सापडले असते, तर पहिल्याच आठवड्यात संशय आला असता. पण गिरणीवालीच्या डोळ्यांना दाणे म्हणजे दाणेच. मग एकदा नव्या सोसायटीतली एक बाई दळणासाठी उभी असताना त्यातला एक तांदूळ चालायला लागला.

बाई न दळताच डबा घेऊन गेली. संध्याकाळपर्यंत अर्ध्या सोसायटीला कळलं होतं.

"सोडून ये तिला कुटंतरी," सोपानराव म्हणाले. "धंदा बसंल आपला."

"औषध करते, मामंजी."

"कर. पन पुन्यांदा किडा दिसला, तर मग मी ऐकायचो न्हाई."

सोजी राहणार की जाणार, ते आता त्या पांढऱ्या दाण्यांवर ठरायचं होतं. जयमाला तिला पिशवीत घालून काळेवाडीच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर मृदुलाताईंनी शी तपासली आणि म्हणाल्या, "यात काही सापडलं नाही."

"डोळ्यांदेखत चालत व्हता की ओ! अन् तुमच्या मशिनीला दिसत न्हाई?"

"हा चपटा जंत आहे, त्याची अंडी या तपासणीत बऱ्याचदा सापडत नाहीत. तुम्ही पाहिलेत ते त्याचेच तुकडे. तुमचे डोळे हाच रिपोर्ट," असं म्हणून त्यांनी सोजीच्या वजनाप्रमाणे गोळी दिली. सोजीनं ती दोनदा थुंकली आणि तिसऱ्यांदा गिळली, तोवर जयमालाचा हात कोपरापर्यंत ओरबाडून निघाला होता. पण तांदूळ थांबले. जयमालानं मनातल्या मनात नारळ फोडला.

महिना जातो न जातो तोच पुन्हा दोन तांदूळ. जयमालानं ते कुणी बघायच्या आत झाडले आणि तणतणत दवाखाना गाठला. या वेळी मृदुलाताईंनी सोजीला बारीक फणीनं विंचरलं. फणीतली काळी भुकटी ओल्या पांढऱ्या कागदावर झटकली, तर कागदावर तांबडे डाग फुटले.

"पिसवा. ही त्यांची विष्ठा. प्यालेलं रक्त आहे, म्हणून लाल. मांजर अंग चाटताना पिसू गिळते आणि तिच्यातून जंत पोटात जातो. पिसवा जात नाहीत तोवर नुसत्या गोळीनं काही होणार नाही." त्यांनी पुन्हा गोळी दिली आणि सोजीच्या मानेमागे, जीभ पोचत नाही तिथे, औषधाचे थेंब सोडले. "दर महिन्याला हे लावायचं. कुत्र्याचं औषध चुकूनसुद्धा लावू नका, मरेल ती. आणि ती झोपते ते सगळं गरम पाण्यात धुवा. मांजरीच्या अंगावर दिसतात त्या थोड्या, बाकी अंडी-अळ्या सगळ्या अंथरुणात."

जयमालानं घरी येऊन पोती उकळली, कोपरे झाडले, फरशी घासली. मग ती गोधड्यांकडे वळली, आणि तिथे तिची सासू अंबुबाई बसलेली होती.

"गोधड्या दसऱ्याला धुत्यात."

"दसऱ्याला लई अवकाश हाय, आत्याबाई."

"मधीच धुत्यात त्या सुतकात. कोन मेलंय घरात?"

या घरात नवरात्राच्या आधी दसरा काढायचा, म्हणजे अंथरूण-पांघरूण झाडून सगळं धुवायचं. त्याखेरीज गोधडीला पाणी लागतं ते घरात कोणी गेलं तरच. जयमालानं समजावलं, हात जोडले, निदान उन्हात तरी टाकू द्या म्हणाली. अंबुबाई चवडीवरून हलल्या नाहीत. "मी रोज यातलीच घिऊन निजते. मला एक तरी चावली का? पिसवा मांजराच्या हायत, मांजराला औषध लाव." जयमालाला वाटलं, गिरणीच्या दगडाखाली आपलंच डोकं घालावं आणि मोटार चालू करावी.

व्हायचं तेच झालं. तिसऱ्यांदा तांदूळ निघाले, आणि ते नेमके सोपानरावांनी बघितले. जयमाला त्या दिवशी भाचीच्या साखरपुड्याला गेली होती. परत आली तर पोत्यावर कोणी नव्हतं. रोहिदास खाली मान घालून जेवत होता.

"आबांनी सांगितलं," तो म्हणाला. "चाकणला सोडली, एका कंपनीच्या कँटीनमागं. उपाशी न्हाई मरायची."

दुसऱ्या दिवशी गिरणी बंद ठेवून जयमाला टेम्पोत बसली. कँटीनमागं "सोजी, सोजी" करत फिरली. कंपनीतल्या प्रेस मशिनींच्या धडाडधूममध्ये तिचा आवाज तिलाच ऐकू येईना. वॉचमन बघत राहिला. पत्र्याखालून तीन मांजरं निघाली, त्यांत सोजी नव्हती.

आणि मग सोपानराव खाजवायला लागले. आधी घोटे, मग पोटऱ्या. अंबुबाईंच्या तर अंगभर गांधी उठल्या. "मांजर गेलं, अन् पिसवा ठिवून गेलं का काय?" सोपानराव कुरकुरले.

"मांजर व्हतं तवर मांजराला खात व्हत्या," जयमाला म्हणाली. "आता तुमच्याबिगर हाय कोन? सांगा मामंजी, आता कुनाला चाकणला सोडू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सोपानरावांनी स्वतःच चवड उचलली आणि मोरीपुढे आणून टाकली. अंबुबाईंनी चुलीवर पाणी ठेवलं. दुपारपर्यंत गच्चीच्या कठड्यावर एकेक गोधडी निथळत होती. ऐन वैशाखात हे दृश्य बघून समोरच्या दुर्गाबाई पदर सावरत आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "जयमाला, कोन गेलं गं?"

अंबुबाईंनी तोंड फिरवलं.

"आमची सोजी," जयमाला म्हणाली आणि गोधडी पिळत राहिली.

पिसवा गेल्या. सोसायटीचे डबेही परत आले. अजून आठवड्यातून एखादा दिवस ती टेम्पोत बसून चाकणला जाते. रोहिदास न सांगता कँटीनमागं टेम्पो थांबवतो.

परवा सकाळी त्या पोत्यावर तिला एक पांढरा दाणा दिसला. मोटार चालू होती, गिऱ्हाईक उभं होतं. जयमालानं मोटार बंद केली आणि पोत्यापाशी वाकून ती दाण्याकडे बघत राहिली, आता हलेल, मग हलेल म्हणून.

तांदूळच होता.