शकूची परीक्षा आणि इरप्पामामाची गाठ

चहा पुढ्यात आहे तोवर ऐकून घ्या, कारण कप खाली ठेवल्यावर मी यातलं काहीच कबूल करणार नाही. आयुष्यात घोटाळे पुष्कळ केले, पण ज्याची पट्टी पायाला बांधून गल्लीभर मिरवावं लागलं असा हा एकच. सिद्धेश्वराच्या देवळाकडं तोंड करून सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे.

म्हणजे, देऊळ माझ्या पाठीमागं आहे हे आत्ताच ध्यानात आलं. तेव्हा एखादा शब्द इकडचा तिकडं झाला तर देवानं तो ऐकलेला नाही. तुम्हीही सोडून द्या.

बहात्तरच्या दुष्काळातून सोलापूर नुकतंच सावरत होतं तेव्हाची गोष्ट. आमच्या घरात दोन यंत्रमाग होते. घरात कसले, मागांच्याच खोलीत आम्ही राहत होतो. आई जाऊन बरीच वर्षं झालेली. आबा, मी आणि धाकटी बहीण शकू. दिवसभर खडाड्-खट, खडाड्-खट. आमच्याकडं पाहुणा आला की पहिल्यांदा ओरडून बोलायला शिकायचा आणि मग चहा प्यायचा.

शकू मॅट्रिक झाली आणि एका संध्याकाळी भाकरी वाढता वाढता म्हणाली, "आबा, मला नर्स व्हायचंय."

आबांचा घास हातातच राहिला. त्याला कारण होतं. कुर्डुवाडीचं एक स्थळ आलेलं, मुलगा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, आणि ऐतवारी ती मंडळी बघायला येणार होती. आबांना नर्सिंगचं वावडं नव्हतं हो. त्यांची धास्ती वेगळी होती. पोरगी कोर्सला गेली, रक्त बघून घाबरली आणि महिन्याभरात परत आली, तर कुर्डुवाडीही गेली आणि दवाखानाही गेला. मग काय करायचं?

शकू म्हणाली, "मला जमतंय का न्हाय ते मलापण बघायचंय की. बघितल्याशिवाय कसं कळंल?"

आबांनी विचार केला. आमचे शेजारी इरप्पामामा त्या वेळी दवाखान्यात होते. माळ्यावरून खाली येताना शिडी विसरले आणि मांडीचं हाड मोडून घेतलं. दवाखान्याचं नाव सांगत नाही, तिथं मला पुष्कळ लोकांना तोंड दाखवायचं अजून बाकी आहे. तर आबा मला म्हणाले, "उद्या हिला मामापाशी घेऊन जा. दिवसभर बसव. रगात बघून तोंड फिरवलं, तर ऐतवारी कुर्डुवाडी. टिकली, तर कोर्स. तू सांगशील ते खरं."

बघा! बहिणीचं अख्खं आयुष्य आणि निकाल माझ्या हातात. माझी पात्रता काय? एकदा दाढ काढून घेतली होती, तीही चुकीची. पण मी मान अशी डोलावली, जणू सिव्हिल सर्जन मला विचारूनच दवाखाना उघडतो.

सकाळी निघताना मी खिशात एक लिंबू टाकलं.

"हे कशाला रं अण्णा?" शकूनं विचारलं.

"तू पडल्यावर हुंगवायला."

ती नुसती लिंबाकडं बघून हसली. तिथंच मी सावध व्हायला पाहिजे होतं.

वॉर्डात इरप्पामामा राजासारखे पडलेले. मोडका पाय उचललेला, त्याला दोरी, दोरी खाटेच्या टोकाच्या चाकावरून खाली गेलेली आणि तिच्या टोकाला विटा टांगलेल्या. मी बघतच राहिलो. अहो, आमच्या मागाच्या पाठीमागं हेच असतं! ताण्याचे उभे धागे ताठ राहावेत म्हणून त्यांच्या रुळाला दोरी आणि दोरीला वजन. फक्त आमच्याकडं मामा नसतो.

मामा अक्कलकोटकडचे, घरी कानडी. मला बघून म्हणाले, "बा तम्मा, ये, बस की. माझा पाय विणायलेत हितं."

तिथल्या थोरात सिस्टर म्हणजे एक प्रकरणच होतं: एका नजरेत अख्खा वॉर्ड गप्प. शकूनं त्यांना सरळ सांगितलं, की मला हे काम झेपतंय का ते बघायला आले आहे. सिस्टरनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "मग बसून काय बघतेस? हात धू."

झालं. शकू त्यांच्यामागं. भांडी दे, पट्ट्या धर, याला पाणी पाज, त्याची उशी सरळ कर. आणि मी माझ्या कर्तव्याला जागून दर थोड्या वेळानं तिच्याजवळ जाऊन विचारायचो, चक्कर येतीय का? पोटात ढवळतंय का? डोळ्यांपुढं काजवे? शेवटी सिस्टर म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही कुठल्या आजाराचे? तुमचा वॉर्ड कुठला?"

मग शेजारच्या खाटेवर एका गड्याची जखम धुवायला घेतली. मी म्हटलं, आता खरी परीक्षा. शकूच्या चेहऱ्याकडं बघायचं. पण नजर घसरली हो. चेहऱ्याकडं जायची ती जखमेकडं गेली. शकू वाटी धरून उभी, डोळ्याचं पातं हलत नाही. मी आपला दुसरीकडं कुठंतरी बघावं म्हणून मामाच्या दोरीकडं बघितलं.

आणि तिथं ती गाठ दिसली.

आता तुम्हाला गाठीचं सांगायला पाहिजे. मागावर गाठ म्हणजे तिळाएवढी. बोटाला लागू नये, दिसू नये. आबांनी लहानपणापासून दटावून शिकवलेलं, की वाईट गाठ दिसली तर कुणाचा माग आहे ते विचारायचं नाही, सोडायची आणि नीट मारायची. सोलापुरातल्या कुठल्याही मागवाल्याचा हात असाच चालतो, झोपेतसुद्धा. आणि विटांची ती गाठ! मांडवाच्या खांबाला मारावी तशी लठ्ठ, वर एक फास लोंबतोय.

मी विचार केला म्हणावं, तर विचाराला वेळ कुठं होता? हात पुढं गेला. फास ओढला.

विटा माझ्या पायावर.

दोरी सळसळत चाकावरून वर, पाय खाली, आणि मामांच्या तोंडून जे कानडी निघालं ते मला आजवर कुणी मराठीत सांगितलेलं नाही. एवढ्यात वाटी ठेवल्याचा आवाज आला आणि शकू खाटेच्या टोकाला. मामांचा पाय दोन्ही हातांनी धरून तिनं सरळ ओढून ठेवला, दोरी ओढते तसा.

"मामा, धरलाय मी. सोडत न्हाय. अण्णा, तू हल तितनं."

मला हलायचं होतं. पण मी खाली बघितलं. अंगठ्याच्या नखातून रक्त येत होतं. फार नाही, कुंकवाच्या टिकलीएवढं.

पुढचं मला आठवत नाही.

जाग आली ती लिंबाच्या वासानं. माझंच लिंबू, माझ्याच उशाशी! अंगठ्याला पट्टी. मला उचलून खिडकीजवळच्या रिकाम्या खाटेवर टाकलेलं. ती खाट रिकामी का होती? तिच्यावरचा हर्नियावाला बिडी ओढायला बाहेर सटकलेला. त्याचं ऑपरेशन होतं. आणि ऑपरेशनआधी तयारी करायला दवाखान्याचा न्हावी यायचा. त्याला खाट सांगितलेली, माणूस नव्हे.

मी डोळे उघडले तर न्हावी वाटीत ब्रश फिरवतोय, सभोवती पडदा. मी म्हटलं, सरकारची काय ही माया, आलेल्यागेलेल्याची दाढी करते. मान वर करून गाल पुढं केला.

त्यानं माझ्या पायजम्याच्या नाडीला हात घातला.

"ओ, काय करताय?"

"हलू नका पावणं, वस्तरा नवा हाय."

मंडळी, मी नाडी हातात धरून, पडदा अंगावर घेऊन, एका पायावर त्या वॉर्डातून जो पळालो! मागून न्हावी, त्याच्यामागं वॉर्डबॉय, दोघं ओरडतायत की पेशंट घाबरला, धरा. पाय मोडलेले इरप्पामामा खाट हलेपर्यंत हसतायत. शेवटी शकूच दारात आडवी झाली आणि न्हाव्याला म्हणाली, "सोडा त्यांना. ते पेशंट न्हाईत, माझी परीक्षा घ्यायला आलेत."

संध्याकाळी घरी आबांनी माग थांबवले. खोलीत इतकी शांतता की मला स्वतःचं खोटं ऐकू येईल अशी भीती वाटली. मी सुरुवात केली, की विटा आपोआप पडल्या, दवाखाना जुना आहे, दोरी कुजकी होती. आबांनी माझा पाय मांडीवर घेतला आणि पट्टीची गाठ बोटानं चाचपली. तिळाएवढी.

"ही कुणी मारली?"

"शकूनं," मी म्हणालो.

"आन् मामाची कुणी सोडली?"

मी छताकडं बघितलं. आबा शकूकडं वळले. "तुलापण ती गाठ दिसली असंल की."

"गेल्या गेल्या दिसली," शकू म्हणाली. "लई घाण गाठ. हात शिवशिवला. पण आधी सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, ती पटकन सुटावी म्हणून तशीच मारत्यात, आन् आमच्याशिवाय कुणी शिवायची न्हाय. मग न्हाय शिवले."

आबांनी माझा पाय मांडीवरून खाली ठेवला. लहानपणापासून आम्हा दोघांना त्यांनी एकच शिकवलेलं, आणि पोरीनं ते मोडलेलं. मग उठले, मागाचा खटका ओढला आणि त्या खडखडाटात ओरडून म्हणाले, "कुर्डुवाडीला निरोप धाडतो. तू कोर्सला जा. आन् ह्या गाढवाला दवाखान्यात एकटं सोडू नगा."

शकू गेली, शिकली, आणि पुढं थोरात सिस्टरांसारखी एका नजरेत वॉर्ड गप्प करायला लागली. मला तर घरातसुद्धा करते.

आता सुरुवातीला देवळाचं नाव घेतलंय, म्हणून एक सांगून टाकतो. यात एवढाच भाग बनवलेला आहे: मी पळालो तो. चक्कर आली हे खरं, पण वर पंखा, खाली गादी, मागाचा आवाज नाही. चक्करेची झोप कधी झाली कळलंच नाही. लिंबाच्या वासानं डोळे उघडले तेव्हा न्हावी वस्तरा पुसून पेटीत ठेवत होता.

"झालं की पावणं," तो म्हणाला. "लई शांत पेशंट तुमी. आता बिनधास्त कापून घ्या."