न फाडलेला रोखा

गिल्बर्ट स्वीटलंडने ओबडाया क्रोकरचे वीस पौंड व्याजासकट फेडले, त्या दिवशी थॉमसीनने घरातली सगळी साय भाजलेल्या सफरचंदांवर घातली. तीन वर्षे दोघांनी पोटाला चिमटा काढला होता. इंग्लंडातल्या टिव्हर्टनमध्ये घरटी माग होता. गिल्बर्टचे दोन होते, आणि त्यातला दुसरा क्रोकरच्या पैशातून आलेला. आता दोन्ही आपले झाले.

जेवता जेवता तिने विचारले, "आणि रोखा?"

"राहिला त्यांच्याच पेटीत," गिल्बर्ट म्हणाला. "अगं, ज्यांच्या शेजारी बसून दर रविवारी प्रार्थना करतो, त्यांना सांगू का, की कागद काढा आणि माझ्यादेखत फाडा? काय वाटेल त्यांना?"

थॉमसीनला विचारल्याचीच लाज वाटली. त्यांची मंडळी एकमेकांना भाऊ नि बहीण म्हणत. तोंडून निघाला तो शब्द, त्याला शपथेचीही जोड नको. अशा भावाकडे कागद मागणे म्हणजे त्याला खोटारडा म्हणण्यासारखेच. तिने साय वाढली आणि विषय सोडला.

क्रोकरभाऊ लबाड नव्हता. शहात्तर वर्षांचा म्हातारा, विसरला. दीड वर्षाने खोकल्याने गेला. एक्सेटरहून पुतण्या आला, त्याने पेटी उघडली, आणि लाखेची मोहर अगदी कालच उठवल्यासारखी शाबूत असलेला तो रोखा त्याच्या हाती लागला. रोखे तेव्हा दामदुप्पटीचेच लिहीत. घ्यायचे वीस, लिहायचे चाळीस. दिवस चुकला की चाळीस. पुतण्याही काही राक्षस नव्हता. कागद आहे म्हणजे पैसे येणे आहे, इतकाच त्याचा हिशेब.

बेलिफ आला तेव्हा शेजारणीने भिंतीवरून ओरडून सांगितले की आडणा घाला. कर्जासाठी बंद दार फोडायचा बेलिफाला अधिकार नाही, हे गावातले शेंबडे पोरही जाणत होते. सहा सहा महिने घरात बसून राहिलेली माणसे गावात होती.

"मी फेडलंय," गिल्बर्ट म्हणाला. "घुशीसारखा बिळात कशाला बसू?" आणि त्याने आपल्या हाताने दार उघडले. बेलिफ त्याला तुरुंगात घेऊन गेला.

थॉमसीन एक्सेटरला चालत गेली आणि एक वकील गाठला. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, पैसे देताना साक्षीला कोण होतं?

"देव होता."

"त्याला समन्स काढता येत नाही, बाई," वकील म्हणाला. मग त्याने तिला नीट समजावले. मोहरेच्या कागदाला मोहरेचाच कागद उत्तर देतो. दहा साक्षीदार उभे केलेत तरी ते न्यायालय ऐकणार नाही. माणसाची नियत बघणारे दुसरे न्यायालय आहे लंडनला, पण तिथे या वकिलाच्याच वडिलांनी लावलेला एक खटला अजून चालू होता. एवढ्या सल्ल्याचे त्याने घेतले ते घेतलेच. पुढच्या सल्ल्यांना एक माग गेला, मग दुसरा, मग कथलाची ताटेवाट्या. खटला लंडनच्या वेस्टमिन्स्टर न्यायालयात, म्हणून गिल्बर्टलाही लंडनच्या तुरुंगात नेले. थॉमसीनने लेस विणायची उशी नि हाडाच्या रिळांची पिशवी पाठीला बांधली आणि माल वाहणाऱ्या घोडागाडीच्या मागोमाग बारा दिवस चालत तीही लंडनला पोचली.

राजाचे डोके उडवून तेव्हा चार वर्षे झाली होती. नवे पार्लमेंट बसले होते आणि जो तो कायदा दुरुस्त करायला निघाला होता. थॉमसीनने एका विधवेच्या छापखान्याचा माळा भाड्याने घेतला होता. डॉर्कस पाय हे त्या विधवेचे नाव. तिच्या दोरीवर रोज असलीच पत्रके वाळत असत: कर्जदाराला कोंडू नका, न्यायालये परगण्यापरगण्यात बसवा, खटले इंग्रजीतच चालवा, वकिलांची फी बांधून द्या. खाली उतरताना थॉमसीन ती वाचत असे. तिला वाचता येत होते, पण छापलेलेच. बायबलवर शिकलेल्या बाईला हाताने लिहिलेले कुठून कळणार? तो रोखा तिने हातात धरून पाहिला होता, तेव्हा तिला कोंबडीने माती उकरल्यासारखे दिसले होते.

वाचता वाचता तिच्या लक्षात आले की इतक्या पत्रकांत तिची गोष्ट कुणीच लिहिलेली नाही. देणे न फेडलेल्यांचा विचार सगळ्यांनी केला होता. फेडूनही कोंडलेल्या माणसाचे काय?

तिने अर्ज करायचे ठरवले. तिच्या मनात एक कलम तयार झाले होते, ते तिने माळ्यावर रिळे फिरवता फिरवता पाठ केले. मग ती ट्रस्लो नावाच्या अर्जनवीसाकडे गेली, कलम तोंडी सांगितले, त्याने लिहिले. वाचून दाखवा म्हटल्यावर त्याने भराभर काहीतरी वाचले. तिने दीड शिलिंग मोजले आणि कागद डॉर्कसकडे दिला.

दोन दिवसांनी छपाईचे खिळे जुळवून पहिला नमुना निघाला. ओल्या शाईचा कागद थॉमसीनने खिडकीशी धरून वाचला. त्यात एक अबला होती. ती रडत होती, गुडघे टेकत होती, माननीयांच्या पायांची धूळ होती, आणि पती मोहाला बळी पडला तरी त्याच्यावर दया व्हावी असे म्हणत होती. कलम कुठेही नव्हते.

"हे मी नाही सांगितलं," ती म्हणाली.

"ट्रस्लो सगळ्यांना हेच लिहून देतो," डॉर्कस म्हणाली. "रडणं खपतं, बाई. नियम सांगणारी बायको कुणाला हवीय?"

"माझा नवरा मोहाला बळी पडला नाही. त्याने पैसे दिलेत. हा कागद मी दिला तर मीच कबूल केलं ना, की तो देणं लागतो?"

डॉर्कसने नमुना परत हातात घेऊन वाचला. ती चर्चला वर्षातून एकदा जाणारी बाई, पण डोके तिखट. मग तिने जुळवलेल्या खिळ्यांच्या फर्म्यावर हात ठेवून सांगितले की खिळे पुन्हा जुळवायचे तर कामगाराचे दोन दिवस आणि नवा कागद, बारा शिलिंगांखाली जमणार नाही, ओळख आपल्या जागी आणि धंदा आपल्या जागी.

थॉमसीनकडे बारा शिलिंग येणार होते. चार महिने विणलेली लेस त्याच आठवड्यात एका कॉलरवाल्याला द्यायची होती. पण ते पैसे गिल्बर्टच्या खाटेचे होते. तुरुंगात खाटेला आठवड्याला अडीच शिलिंग पडत, नाहीतर खालच्या दगडी कोठीत पेंढ्यावर. नोव्हेंबर लागला होता आणि त्याला खोकला होता.

ती त्याला भेटायला गेली. सोबत नेलेली भाकर नि चीज त्याने अर्धे शेजारच्या कैद्याला दिले, ते पाहून ती नेहमीसारखी चिडली, आणि मग तिने सगळे सांगितले. गिल्बर्टने आपले हात उलटेपालटे करून पाहिले. माग चालवणारे हात, मऊ पडले होते.

"ते कलम म्हणून दाखव," तो म्हणाला.

तिने म्हटले. जो देणे फेडील, त्याची नोंद त्याच दिवशी, त्याच्याच गावात, त्याच्याच भाषेत, दोन साक्षीदारांसमोर एका वहीत व्हावी, आणि त्या वहीपुढे कोणताही रोखा टिकू नये. तंटा झालाच तर तो त्याच परगण्यात सुटावा.

"पेंढ्यावर झोपतो," गिल्बर्ट म्हणाला. "मी लाजलो, तू लाजलीस. आता तिसऱ्या कुणाला लाजायला लागू नये."

वाटेत ती एका चर्चच्या पायरीवर थोडी बसली. देवाकडे तिने नवऱ्याच्या छातीला ऊब मागितली आणि स्वतःला धीर. मग उठून सरळ कॉलरवाल्याकडे गेली.

दोनशे पत्रके निघाली. अबला गेली, कलम आले, खाली तिचे नाव. पहिल्या दिवशी ती पत्रके घेऊन पार्लमेंटच्या कायदा समितीच्या दाराशी उभी राहिली, तेव्हा दारवानाने तिला नखशिखांत न्याहाळले आणि घरी जाऊन भांडी घासायला सांगितले.

"भांडी वकिलाकडे आहेत," थॉमसीन म्हणाली. "त्याची मोलकरीण घासते."

मागे उभे असलेले दोन कारकून हसले. दारवान नाही हसला. पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, तिसऱ्याही दिवशी. उभ्या उभ्या लेस विणता येत नाही म्हणून चौथ्या दिवशी तिने बसायला स्टूल आणले. नवव्या दिवशी दारवानच तिला म्हणाला की स्टूल या बाजूला घ्या, तिकडे वारा लागतो. सभासद येता-जाता पत्रक घेत, काही ते तिच्यासमोरच चुरगळत. एक करड्या कोटातले गृहस्थ मात्र थांबले, तिथेच वाचले आणि मान वर करून म्हणाले, "बाई, यात नवऱ्याच्या सुटकेचं काहीच मागितलं नाहीत."

"ते उद्या मागायला येणार आहे, साहेब. एका दिवशी एकच गोष्ट ऐकतील तर आधी ही ऐकावी."

"का?"

"माझा नवरा एक आहे. असे रोखे किती पेट्यांत पडलेत, कुणाला ठाऊक."

त्यांनी पत्रक घडी करून बाहीत ठेवले. ते आत वाचले गेले, असे दारवानाने संध्याकाळी सांगितले. दोघेतिघे चांगले बोलले म्हणे. एकाने विचारले की इतक्या वह्यांना कागद कुठून आणायचा.

डिसेंबरात ते पार्लमेंटच मोडले. एका सकाळी सभासद उठून गेले आणि बाहेर शिपाई उभे राहिले. करड्या कोटातले गृहस्थ, त्यांची बाही आणि बाहीतले कलम पुन्हा कुणाला दिसले नाही. थॉमसीन त्या दिवशीही स्टूल घेऊन गेली होती. बंद दारापुढे थोडी थांबली आणि उरलेली पत्रके पोटाशी धरून परत फिरली. डॉर्कसने तिच्यापुढे गरम बिअरचा पेला ठेवला.

एक मात्र त्या लोकांनी मोडण्याआधी केले होते. तुरुंगात कोंडलेल्या गरीब कर्जदारांची चौकशी करायला पंच नेमले होते, आणि ते काम चालूच राहिले. जानेवारीत पंच आले. गिल्बर्ट त्यांच्यासमोर खोकत उभा राहिला. थॉमसीनने पत्रक पुढे केले आणि सांगितले की हे छापलेलं आहे, शे-दीडशे लोकांच्या हातात आहे, यात खोटं असेल तर क्रोकरच्या पुतण्याने येऊन म्हणावं. पुतण्याला बोलावणे गेले. तो आला नाही. मार्चमध्ये गिल्बर्ट सुटला. दार उघडण्याची फी म्हणून तुरुंगाधिकाऱ्याने त्याचा कोट ठेवून घेतला.

टिव्हर्टनला माग नव्हता, दुसऱ्याच्या मागावर रोजाने विणायचे होते, आणि गिल्बर्टची छाती पूर्वीची राहिली नाही. पण पहिल्याच रविवारी प्रार्थना संपल्यावर थॉमसीनने दाराजवळच्या बाकावर एक कोरी वही ठेवली. डॉर्कसने निघताना दिलेली, चुकलेल्या कागदांच्या पाठकोऱ्या पानांची. जो कुणी भावाचे देणे फेडील, त्याने इथे लिहायचे आणि रोखा सगळ्यांदेखत फाडायचा. लिहायला गिल्बर्ट बसेल; तुरुंगात तो शेजारच्या कैद्याकडून लिहायला शिकला होता.

मंडळीत चुळबुळ झाली. सगळ्यात वडील असलेले सॅम्सन टोझर काठी टेकत पुढे आले. त्यांनी अनेकांना पैसे दिलेले होते.

"बहिणी," ते म्हणाले, "आता आपल्यात एवढाही विश्वास उरला नाही?"

"तुमच्यावर आहे, भाऊ," थॉमसीन म्हणाली. "तुमच्या पुतण्याला मी ओळखत नाही."

कुणीतरी मागे फस्सकन हसले. टोझरभाऊंनी वहीची पाने चाळली. मग ते घरी गेले आणि पेटीतून तीन रोखे घेऊन आले, तिन्ही केव्हाच पैसे देऊन मोकळे झालेल्यांचे. आपला रोखा अजून पेटीत आहे, हे त्या तिघांतल्या एकाला ठाऊकही नव्हते.

थॉमसीनने लाखेची पहिली मोहर अंगठ्याने दाबून मोडली, आणि गिल्बर्टने दौतीत पीस बुडवले.