मुदखेडकराला झेपणारा डोंगर

पाऊस लागला की बिराजदार सरांना घरात बसवत नसे. रविवारी सकाळी सातला त्यांची स्कूटर माझ्या दारात उभी राहायची आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक यायची, "मुदखेडकर, जिता हाय का मेला?" मी खिडकीतून डोकं काढून म्हणायचो, "सर, पाऊस पडतोय." उत्तर ठरलेलं. "म्हणूनच आलो. कोरड्यात तर तुझी सासू बी फिरती." माझी सासू तेव्हा आमच्याकडेच राहायला होती आणि तिचे कान शाबूत होते.

सर लातुरात फिजिक्सचा क्लास चालवायचे, मी त्यांच्याकडे केमिस्ट्री शिकवायचो. काळेसावळे, काटक, डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ, पायात कॅनव्हासचे बूट. मी मुदखेडचा, बसून बसून जाडजूड झालेला, आणि डोंगराची मला हौस म्हणाल तर शून्य. तरी जायचो. एक तर नोकरी त्यांच्या हातात होती. दुसरं म्हणजे त्या माणसाच्या शेजारून चालताना मला बरं वाटायचं. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही, सरांना सांगायचा तर प्रश्नच नव्हता.

त्यांनाही सोबत लागायचीच. पावसात एकट्यानं डोंगरात जायचं नाही, अशी शपथ त्यांच्या लेकीनं, सुनीतानं, त्यांना घातली होती. मग शनिवारी संध्याकाळी क्लास सुटला की सर डोंगर निवडायला बसत. ते निवडणं बघण्यासारखं असे. काळ्या रानातून जाणारी वाट बाद, कारण तो चिखल बुटाला धरला की सोडत नाही. वाट मुरमाची पाहिजे. शेवाळ धरलेल्या पायऱ्या बाद. मध्ये ओढा असला तर दुपारच्या आत ओलांडून परत यायचं. वर टेकायला देऊळ नाहीतर लेणं, खाली भज्यांचं हॉटेल, आणि एस.टी. थांबणारा रस्ता जवळ. "हे शेवटचं तुझ्यासाठी," ते म्हणायचे. "तू अर्ध्यात बसकण मारलीस तर तुला खांद्यावर कोण घेईल? मी काय बैल हाय?"

असे आम्ही खरोश्याची लेणी केली, वडवळचं बेट केलं, हत्तीबेट केलं. माहूर मात्र कधी नाही. तिथल्या रानात भर पावसात दिवसभर चालायचं, हे सरांचं जुनं वेड. मी एकदा लाजत लाजत म्हणालो, "सर, या साली माहूर करू." त्यांनी मला बुटापासून टोपीपर्यंत न्याहाळलं. "रेणुका मला माफ करील रे. तुझी बायको न्हाई करायची."

क्लासमध्येही हीच जीभ. शनिवारच्या टेस्टचे मार्क ते सोमवारी खालून वाचायचे. ज्याला सगळ्यात कमी, त्याचं नाव पहिलं, आणि त्यानं यादी संपेपर्यंत उभं राहायचं. दोनशे पोरं असली की यादी लवकर संपत नाही. औशाकडचे एक पालक एकदा हात जोडून आले. भूकंपात घर पडलंय, पोरगी पत्र्याच्या शेडमध्ये अभ्यास करते, तिला जरा सांभाळून घ्या म्हणाले. सर म्हणाले, "माझं बी पडलं. न्यूटनला त्याचं काय?"

खरंच पडलं होतं. सरांचं गाव औसा तालुक्यातलं. त्या पहाटे सर शिकवणीसाठी लातुरातल्या खोलीवर होते आणि सहा वर्षांची सुनीता शाळेसाठी त्यांच्याजवळ. गावाकडे त्यांची आई होती आणि बायको. दगडमातीच्या भिंती, वर मातीचं धाबं. सर पोचले, दगड उपसू लागले आणि वरून पाऊस सुरू झाला. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, खरोश्याच्या लेण्यात बसून, पावसाकडे बघत. "पाण्यानं माती जड होऊन राहिली होती मुदखेडकर. मी एक घमेलं काढायचो, दोन घमेली खाली बसायची. तवापासून पाऊस आला की छताखाली जीव घुसमटतो." मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर लगेच, "गप. तुझं तोंड भजी खायाला हाय."

आता माझ्या दुखण्याचं सांगतो. हत्तीबेटाहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वर्गात जरा फुशारकी मारली. पावसात, धुक्यात, निसरड्यातून कसे चढलो वगैरे. पोरं डोळे मोठे करून ऐकत होती. मलाही चेव आला. सर दारात कधी येऊन उभे राहिले, कळलं नाही. ते आत आले, माझ्या हातातला खडू काढून घेतला आणि दोनशे पोरांसमोर म्हणाले, "ह्या डोंगरावर आमच्याकडच्या बाया कडेवर लेकरू घेऊन जातात. मुदखेडकरांसाठी मी सोपा पेपर काढत असतो. नापास होऊन रडाय नको म्हणून."

वर्ग हसून हसून लोळला. त्या दिवसापासून माझं नाव पडलं, सोपा पेपर. जिन्यात कुजबुज, "सोपा पेपर आला रे." फळ्यावर कोपऱ्यात लिहिलेलं, सोपा पेपर. बॅचमागून बॅच गेल्या, नाव तसंच. अहमदपूरच्या बसस्टँडवर एक डॉक्टर झालेला विद्यार्थी भेटला, पाया पडला आणि बायकोला म्हणाला, "हे आमचे सोपा पेपर सर." कौतुकानं म्हणाला हो! मी हसलो. पुढे मात्र त्या स्टँडवर उतरायचंच टाळू लागलो.

वर्षं गेली. क्लासची पत्र्याची खोली जाऊन तीन मजले झाले. नांदेडची, उदगीरची पोरं खोल्या करून राहू लागली, गल्लोगल्ली मेस निघाल्या. आणि एका उन्हाळ्यात सरांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं वाचलं, डावा पाय ओढत राहिला. शिकवणं सुटलं. मृगाचा पाऊस सुरू झाला तशी सुनीता माझ्या घरी आली. "काका, बाबांना आत बसवत नाही. येरझारा घालतात, पडतात. तुमच्याशिवाय कुणाचं ऐकायचे नाहीत. झेपेल असं कुठंतरी नेत जा ना."

म्हणजे आता निवड माझ्याकडे आली. खोटं कशाला बोलू, मला गोड वाटलं. शनिवारी मी चहा घेत, सावकाश, चवीनं डोंगर निवडला. गावाबाहेरची महादेवाची टेकडी. डांबरी रस्ता पायथ्यापर्यंत, धरायला लोखंडी कठडा, बालवाडीच्या सहली येतात तिथे. त्यांच्यासाठी याहून चांगली जागा नव्हती, हेही खरं. पण मी ती निवडली ते दुसऱ्याच कारणासाठी.

सरांना वर जायला तासभर लागला. एक पायरी, श्वास, दुसरी पायरी. माझा दंड त्यांनी असा आवळला होता की वळ उठले. देवळाच्या मंडपात टेकले तेव्हा ओठ निळे पडले होते, पण चेहरा असा फुललेला मी कधी पाहिला नव्हता. खोळ काढून झटकली आणि म्हणाले, "चढलो का न्हाई? सांग की! आता दसऱ्यापतूर पाय मोकळा करतो. आपण माहूर करू. तुला बी नेतो, जा."

तुला बी नेतो! इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते वाक्य आलं होतं. तेवढ्यात क्लासमधली सात-आठ पोरं-पोरी दर्शनाला आली. सरांना ओळखून पाया पडली. एक मुलगी हरखून म्हणाली, "सर, तुम्ही एवढे चढून आलात?" सरांनी मान ताठ केली. आणि मी म्हणालो, "अगं, त्यांच्यासाठी सोपा पेपर काढलाय. नापास होऊन रडायला नकोत."

पोरं हसली. त्यांना ती गंमत वाटली. सरही हसतील असं मला वाटलं होतं, किंवा एखादी शिवी हासडतील.  त्यांनी खोळ डोक्यावर ओढली आणि ते उठले. उतरताना मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. पहिल्याच पायरीवर खाली बसले आणि बुडावर सरकत, एकेक पायरी करत, त्या पावसात तळापर्यंत गेले. पोरं वरून बघत होती. मी मागून मोकळ्या हातानं उतरत होतो.

पुढच्या रविवारी मी सातला त्यांच्या दारात गेलो. सुनीता म्हणाली, बाबा नको म्हणतात. त्याच्या पुढच्याही रविवारी तेच. मी आत जाऊन पाय धरायला हवे होते. नाही धरले. मनात म्हटलं, म्हातारा येईल लायनीवर. सुनीता सांगायची, पाऊस आला की ओसरीच्या कडेला खुर्ची ओढून बसतात, अर्धे भिजतात, पण आत येत नाहीत. दसऱ्याच्या आठ दिवस आधी ते गेले.

तेराव्या दिवसाला घर भरलं होतं. जुने विद्यार्थी, डॉक्टर, इंजिनिअर, जिन्यापर्यंत उभे. सुनीतानं मला पुढे बोलावून खुर्ची दिली. म्हणाली, "काका, गुडघे कसे आहेत आता?"

"गुडघे?" मी विचारलं.

"बाबांनी सांगितलं मला. त्या दिवशी टेकडीवर तुमचे गुडघे गेले म्हणून. म्हणाले, मुदखेडकराला आता झेपत नाही, पण तो कबूल करणार नाही, मीच रविवार बंद केले. तुम्हाला काही बोलायचं नाही, वाईट वाटेल त्याला, असं बजावलं होतं." तिचे डोळे भरले. "खरंच एवढं दुखत होतं काका?"

सगळी खोली माझ्याकडे बघत होती. मागे कोणीतरी हळूच म्हणालं, "सोपा पेपर सर." माझे गुडघे ठणठणीत होते, आजही आहेत.

"हो," मी म्हणालो. "मलाच झेपेना."