खातेदाराला विचारा

ऑफिसात सगळे तिला कलमबाई म्हणायचे. कुणाचा चहा सांडला तरी तो कोणत्या कलमात बसतो ते सांगेल, अशी तिची ख्याती. आमचं तक्रार-कार्यालय जाहिरात कंपन्यांनीच काढलेलं. इंटरनेटवर लोकांवर नजर ठेवून जाहिराती दाखवायच्या, त्याचे नियमही कंपन्यांनीच करायचे आणि कंपन्यांनीच पाळायचे. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, दुसरं काय! पण कलमबाई नियम खरे मानायची. ‘दुसऱ्याची माहिती त्याला विचारल्याशिवाय पाहू नये,’ हे वाक्य तिने चौदा वर्षं हजारो उत्तरांत लिहिलं.

आणि घरी जाऊन ती रोज नेमकं तेच करायची.

तिचा मुलगा सहा वर्षांपूर्वी घर सोडून गेला. का, ते तिनेच मला एकदा डबा खाताना सांगितलं. “त्याचा फोन उघडून मैत्रिणीचे मेसेज वाचले मी. म्हटलं, आईच तर आहे, कोण बघतंय!” त्याने पत्ता ठेवला नाही. तिच्या एकाही मेसेजला उत्तर दिलं नाही. मागे राहिला तो त्याचा जुना टॅब, त्याच्याच खात्यावर चालू असलेला. बातम्या वाचायला तिने तो उघडला, तर जाहिराती त्याच्या! तो तिकडे फोनवर जे शोधायचा, ते इकडे दिसायचं.

आधी जाड कोट दिसले. “थंडीच्या गावाला गेला वाटतं,” ती म्हणाली. मग अंगठ्या, मग डबल बेड. मागच्या वर्षी पाळणे आले, तेव्हा माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाली, “आजी झाले गं मी.” हल्ली छोटे बूट यायचे, कधी निळे, कधी गुलाबी. नातू की नात, तेवढं मात्र कळत नव्हतं. रिकाम्या घरात ती रोज त्या बुटांकडे बघत जेवायची. मला तिची दया यायची आणि थोडी भीतीही वाटायची.

आमच्या नियमांत घरातला जुना टॅब कुठेच बसत नव्हता. मग सरकारने कायदा केला: प्रत्येक फोनसाठी, टॅबसाठी खातेदाराची वेगळी परवानगी हवी. तो लागू झाला त्या दुपारी तिने टॅब ऑफिसात आणला आणि डब्याशेजारी ठेवला. पडद्यावर प्रश्न होता, ‘हे खातं तुमचंच आहे का?’ खाली दोन बटणं: ‘होय, माझंच’ आणि ‘खातेदाराला विचारा’.

“बाई, दाबा की होय,” मी म्हटलं. “नाहीतर बूटसुद्धा जातील. आणि कोण बघतंय?”

“तेव्हा मीही हेच म्हणाले होते,” ती म्हणाली आणि तिने दुसरं बटण दाबलं. “या वेळी विचारते तरी.”

पडद्यावर अक्षरं आली: ‘घरच्या टॅबसाठी खातेदाराकडे विचारणा पाठवली आहे.’

“कामात असेल तो,” ती म्हणाली. “उद्यापर्यंत वाट बघू.” तिने डब्याचं झाकण उघडलं, पण घास काही घेतला नाही.

टॅब वाजला. ‘खातेदाराने परवानगी नाकारली आहे.’ बूट गेले. त्यांच्या जागी कपडे धुण्याची पावडर आली, सगळ्यांना दाखवतात ती.

मला त्या पोराचा असा राग आला! तिने मात्र भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“चार मिनिटं,” ती म्हणाली. “म्हणजे मेसेज वाचतो तो.”