अध्यक्षांच्या गाडीतली जागा

आनंदराव गुरुजी शिक्षक संघटनेचे तालुकाध्यक्ष. भोरच्या वर, धरणाकाठच्या एका वाडीवर त्यांची शाळा आहे. ते स्वतः मात्र बहुधा पंचायत समितीसमोरच्या चहाच्या टपरीवर भेटतात. कुणाची बदली अडली, कुणावर निलंबन आलं, की गुरुजी मोबाईल काढतात आणि साहेबांशी बोलताना आवाज मुद्दाम चढवतात. काम होतं. दारू पिऊन वर्गात झोपणारा एक मास्तर त्यांनी असाच परत त्याच वर्गात आणून बसवला. तिथल्या मुलांना विचारायचं कुणाला सुचलं नाही. मुलं संघटनेची वर्गणी देत नाहीत.

वाडीवरची माया पाचवीत होती. सरकारी निवासी शाळेच्या प्रवेशपरीक्षेला एकदाच बसता येतं, तेही पाचवीतच. केंद्र भोरला, आणि सकाळची एसटी कधीच बंद झालेली. परीक्षेला मुलं गुरुजींनीच न्यायची, ही वाडीची रीत. "मी आहे ना," गुरुजी म्हणाले होते. त्याच दिवशी पुण्यात संघटनेचं अधिवेशन लागलं, हे सांगायचं तेवढं राहून गेलं.

सकाळी माया आणि तिची आई कमळाबाई फाट्यावर उभ्या राहिल्या. वरच्या गावाहून सरचिटणीस सोनबांना घेऊन गुरुजींची गाडी उतरली. पुढे फेटा बांधलेले गुरुजी, मागे पदाधिकारी, आणि एका अख्ख्या सीटवर 'आम्हाला शिकवू द्या' असं छापलेल्या फलकांचा गठ्ठा.

"गुरुजी, भोरपत्तुर घ्या की."

"जागा कुठंय, कमळाबाई? मागून बंडूचा टेम्पो येतोय."

"त्यो मगाशीच गेला."

"मग टपावर बसवा गुणवत्तेला," सोनबा म्हणाले. मागचे हसले. काच वर गेली.

दोघी चालत निघाल्या. पुढे एका दुधाच्या गाडीनं घेतलं, तरी पोचेपर्यंत केंद्राचं फाटक बंद झालं होतं. शिपाई चिडला नाही. म्हणाला, "साहेबांचा फोन आला तर सोडतो."

कमळाबाईनं गुरुजींना फोन लावला. पलीकडे टाळ्या वाजत होत्या.

"साहेबास्नी एक शब्द टाका, गुरुजी. लेकरू दारात उभं हाय."

"परीक्षेचे नियम असतात, कमळाबाई. नियमापुढं आपण काय करणार? ठेवतो, माझा सत्कार चाललाय."

माया फाटकाच्या गजांतून आत बघत होती. तिनं मान न वळवताच विचारलं, "काय म्हनले?"

"कामात हायेत," कमळाबाई म्हणाली.